वॉल्टर शेफर: पेनच्या पोटात तरफ बसवणारा सराफ

जुनं घर आवरताना कपाटाच्या खणात कधीतरी एक शाईचं पेन सापडतं. टोपण घट्ट बसलेलं, निबवर सुकलेली शाई, आणि दांड्याच्या अंगावर धातूची एक बारीक पट्टी. ही पट्टी कशाला आहे ते घरात कुणाला माहीत नसतं. नखानं उचलली तर आतून काहीतरी कुरकुरल्यासारखं वाजतं, नाहीतर ती हलतच नाही. शाईत बुडवून बघितलं तरी थेंबभर शाई आत जात नाही. मग पेन बाद झालं म्हणून परत खणात जातं किंवा भंगारात.

बहुतेक वेळा ते पेन बाद झालेलं नसतं. त्याच्या आतली एक छोटी रबरी पिशवी तेवढी संपलेली असते, आणि ती बदलता येते. ती पट्टी आणि ती पिशवी यांची जोडी बाजारात यशस्वी करून दाखवली ती अमेरिकेतल्या एका छोट्या गावच्या सराफानं. त्याचं नाव वॉल्टर शेफर. पेनच्या टोपणावर हे नाव अनेकांनी वाचलं असेल, पण त्यामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नाही. आज त्याचं आयुष्य आणि त्याचं यंत्र, दोन्ही समजून घेऊ. शेवटी असं पेन घरी कसं दुरुस्त करायचं तेही पाहू.

सराफाचा मुलगा

वॉल्टर शेफरचा जन्म २७ जुलै १८६७ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ब्लूमफील्ड या गावी झाला. योगायोग म्हणजे आपले शंकर आबाजी भिसे, अक्षरजुळणीच्या यंत्रांमुळे जगात नाव मिळवलेले मराठी संशोधक, हेही त्याच वर्षी मुंबईत जन्मले.

वॉल्टरच्या वडिलांचं दागिने आणि घड्याळांचं दुकान होतं. पुढे त्यांना व्यवहारात मोठा फटका बसला आणि घरची ओढाताण सुरू झाली. मुलाला लहान वयातच शाळा सोडून कामाला लागावं लागलं. छापखान्यात पडेल ते काम, मग किराणा दुकानात नोकरी, एका उन्हाळ्यात शेंगदाण्याचा ठेला, असं करत तो मोठा झाला. नंतर दुसऱ्या गावांतल्या सराफांकडे राहून त्यानं घड्याळदुरुस्ती आणि दुकानदारी शिकून घेतली, आणि अखेर वडिलांच्या दुकानात भागीदार म्हणून परत आला.

ही दुकानदारी सोपी नव्हती. टपालानं माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्या तेव्हा अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत शिरल्या होत्या. कॅटलॉगमध्ये बघून लोक स्वस्त घड्याळं मागवायचे. आज ऑनलाइन खरेदीमुळे गावातल्या दुकानदाराचं जे होतं, तेच तेव्हा होत होतं. शेफर यांनी यावर उपाय काढला तो माल समोर ठेवून तुलना करून दाखवण्याचा. टपालानं येणारं घड्याळ आणि आपल्या दुकानातलं चांगल्या प्रतीचं घड्याळ शेजारी शेजारी ठेवायचं आणि फरक गिऱ्हाइकाला बघू द्यायचा. चांगली वस्तू थोडी महाग असली तरी ती का महाग आहे हे पटवता आलं तर लोक घेतात, हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे पेनच्या धंद्यात तो फार कामाला आला.

१९०६ मध्ये शेफर मिसिसिपी नदीकाठच्या फोर्ट मॅडिसन या गावी गेले आणि तिथे एक दुकान विकत घेतलं. तेव्हा त्यांचं वय ३९ होतं. बायको, दोन मुलं, बसलेली घडी. बाकीचं आयुष्य असंच जाईल असं वाटण्याजोगी परिस्थिती होती.

शाई भरण्याची कटकट

त्या वेळचं पेन कसं होतं ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

बोरू किंवा टाक सारखा दौतीत बुडवावा लागतो. फाउंटन पेननं हा त्रास संपवला, कारण शाई पेनच्या पोटातच राहते. १८८० च्या दशकात लुईस वॉटरमन यांनी निबखालच्या जिभेत बारीक खाचा पाडून शाई खाली येणं आणि हवा वर जाणं यांचा मेळ घातला, तेव्हापासून ही पेनं भरवशाची झाली. पण ती भरायची पद्धत मात्र जुनीच राहिली: मान उघडायची, काचेच्या ड्रॉपरनं थेंब थेंब शाई आत सोडायची, परत मान बसवायची. बोटं माखायची, टेबलावर डाग पडायचे, आणि ड्रॉपर सापडला नाही की सगळं अडायचं. आपल्याकडे ड्रॉपरनं भरायची पेनं अगदी अलीकडेपर्यंत शाळेत चालायची, त्यामुळे निळी बोटं अनेकांना आठवत असतील.

यावर उपाय म्हणून कारखानदारांनी पेनच्या आत रबराची पिशवी घालायला सुरुवात केली. पिशवी दाबली की हवा बाहेर, सोडली की शाई आत. पण दांड्याच्या आत असलेली पिशवी बाहेरून दाबायची कशी, हा खरा प्रश्न होता. कुणी दांड्याला भोक पाडून त्यातून आगकाडी खुपसायला सांगितलं. कुणी फट ठेवून त्यात नाणं घालायला सांगितलं. कुणी दांड्याच्या मागच्या भोकातून तोंडानं फुंकायला लावलं. त्यातल्या त्यात चांगलं चाललं ते कॉंकलिन कंपनीचं पेन. त्याच्या दांड्यावर अर्धचंद्राच्या आकाराची धातूची कमान बाहेर आलेली असे. ती अंगठ्यानं दाबली की आतली पिशवी दबायची. चुकून दाबली जाऊ नये म्हणून खाली एक फिरतं कडं. काम चोख होतं, पण पेनच्या पाठीवर कायमचं टेंगूळ.

१९०७: टेंगूळ कसं घालवायचं?

असं सांगितलं जातं की १९०७ मध्ये एके दिवशी वर्तमानपत्र चाळताना शेफर यांना कॉंकलिनची जाहिरात दिसली. त्या टेंगळामुळे पेन टेबलावरून गडगडत नाही, असा तिचा सूर होता. शेफर स्वतः दुकानदार. गिऱ्हाइकाला काय खुपतं हे त्यांना ठाऊक होतं. उणिवेलाच गुण म्हणून विकावं लागत असेल, तर ती उणीव घालवणाऱ्याला बाजारात जागा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं टेबल होतंच. बारीक चिमटे, कानशी, छोट्या स्प्रिंगा, पिना. त्याच हत्यारांनी त्यांनी प्रयोग सुरू केले. दांड्याला लांबट फट पाडायची, तिच्यात एक छोटी तरफ आडव्या पिनेवर बसवायची, आणि आत एक लवचीक पट्टी. तरफ मिटलेली असताना ती दांड्याच्या अंगाशी सपाट बसते, बाहेर काही येत नाही. नखानं एक टोक उचललं की दुसरं टोक आतली पट्टी दाबतं.

पेनला तरफ लावावी असं याआधीही काहींना सुचलं होतं. पण रोजच्या वापरात टिकेल, कारखान्यात करता येईल आणि लोक आनंदानं विकत घेतील अशी तरफ शेफर यांनी आणली. २५ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

आत नेमकं काय घडतं?

हे यंत्र सोपं आहे. चार भाग लक्षात ठेवले की पुरे.

पहिला भाग म्हणजे मान: आपण पेन जिथे धरतो तो, निब आणि जीभ बसवलेला भाग. तिच्या मागच्या टोकाला छोटी नळी असते. दुसरा भाग रबरी पिशवी. ती या नळीवर मोज्यासारखी चढवलेली असते. तिसरा भाग दाबपट्टी, पिशवीच्या लांबीची पोलादी स्प्रिंग. चौथा भाग बाहेरून दिसणारी तरफ.

निब शाईत बुडवून तरफ उभी केली की पट्टी पिशवीला चपटी करते. आतली हवा निबमधून बुडबुड्यांनी बाहेर पडते. तरफ मिटली की पट्टी मागे सरते आणि पिशवी स्वतःच्या लवचीकपणानं परत फुगते. आता पिशवीत हवा कमी, म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. दौतीतल्या शाईवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. तो दाब शाईला पिशवीत ढकलतो. पेननं शाई ओढली असं आपण म्हणतो, पण खरं काम बाहेरची हवा करते. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरचा रबरी फुगा हेच करतो. शेफर यांनी तो फुगा पेनच्या पोटात लपवला.

म्हणूनच तरफ मिटल्यावर निब लगेच बाहेर काढायची नाही. पिशवी पूर्ण फुगायला काही सेकंद लागतात. सावकाश दहा आकडे मोजावेत. घाई केली तर शाईऐवजी हवा आत जाते आणि पेन अर्धंच भरतं.

पंचेचाळिसाव्या वर्षी सगळी बचत पणाला

पेटंट मिळूनही शेफर यांनी लगेच कारखाना काढला नाही. दुकान नीट चाललं होतं. वॉटरमन, पार्कर, कॉंकलिन असे बडे खेळाडू बाजारात होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं पेनच्या धंद्यात उडी घेणं बहुतेकांना वेडेपणाचं वाटलं असतं. चार वर्षं हा विचार तसाच राहिला. या काळात त्यांनी यंत्रात सुधारणा केली. १९१२ मध्ये त्यांना दुसरं पेटंट मिळालं.

त्याच वर्षी त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत सात माणसांना घेऊन पेनं बनवायला सुरुवात केली. पेनविक्रीचा अनुभव असलेली दोन माणसं त्यांनी सोबत घेतली. १९१३ मध्ये ३५,००० डॉलर भांडवलावर कंपनीची रीतसर नोंदणी झाली. शेफर तेव्हा ४५ वर्षांचे होते. बुडालं असतं तर आयुष्यभराची कमाई गेली असती, आणि वडिलांचं बुडताना काय झालं ते त्यांनी लहानपणी बघितलेलं होतं.

काळाचा अंदाज यावा म्हणून: साधारण याच सुमारास इकडे खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र उभं राहत होतं, ज्यातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली.

धंदा चालला. सोबतच्या माणसांशी पुढे बिनसलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण कंपनी टिकली. जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावातला नांगरांचा एक जुना कारखाना घेऊन तिथे पेनं बनू लागली. पुढच्या काही वर्षांत तरफेचं पेन इतकं रुळलं की वॉटरमनसारख्या जुन्या कंपनीलाही आपल्या पद्धतीची तरफ आणावी लागली. १९२० च्या दशकात फाउंटन पेन म्हटलं की अंगावर तरफ असणारच, असं चित्र होतं.

महाग पेन आणि आयुष्यभराची हमी

१९२० मध्ये शेफर यांनी लाइफटाइम नावाचं पेन आणलं. किंमत ८.७५ डॉलर. साधी पेनं तेव्हा तीन डॉलरच्या आत मिळायची. इतकं महाग पेन कोण घेणार? पण त्याची निब जाड सोन्याची होती, आणि घेणाऱ्याच्या आयुष्यभराची हमी होती. घड्याळांच्या दुकानात शिकलेला धडा इथे लागू पडला. फरक दाखवा, लोक पैसे देतात. पेन विकलं गेलं, आणि १९२४ पासून चांगल्या पेनांच्या टोपणावर पांढरा ठिपका येऊ लागला. तो आजही शेफरची खूण आहे.

१९२२ मध्ये कंपनीनं स्क्रिप नावाची स्वतःची शाई आणली. शाई साकळली की जिभेतल्या खाचा बुजतात, आणि दोष मात्र पेनला दिला जातो. त्यामुळे पेनवाल्यानं शाईही बनवणं शहाणपणाचं होतं. १९२४ मध्ये दांड्याचं साहित्य बदललं. तोवर पेनं एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची आणि बहुधा काळी असायची. शेफर कंपनीनं सेल्युलॉइड वापरलं आणि पाचूसारखी हिरवी पेनं बाजारात आली. १९२९ मध्ये दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं बॅलन्स हे मॉडेल आलं. पार्कर, वॉटरमन आणि वॉल-एव्हरशार्प यांच्या बरोबरीनं शेफरचं नाव अमेरिकेतल्या चार मोठ्या पेन कंपन्यांत घेतलं जाऊ लागलं.

आयुष्यभराची हमी द्यायची तर पेन उघडता आलं पाहिजे, आतला झिजणारा भाग काढता आला पाहिजे. तरफेच्या पेनमध्ये ते सहज जमतं. दांडा, मान, निब, तरफ हे टिकाऊ भाग. रबरी पिशवी हा एकच नाशवंत भाग, आणि तोच सगळ्यात स्वस्त. ती मानेच्या नळीवर चिकटवायला वापरली जाते लाख. गरम केली की सुटते, नवी लावली की धरते. त्या काळात जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातूनच जायची. म्हणजे आयोवातल्या पेनच्या पोटात आपल्याकडच्या जंगलातली लाख होती म्हणायला हरकत नाही.

घड्याळजी घड्याळ उघडतो, साफ करतो, स्प्रिंग बदलतो, बंद करतो. शेफर यांचं पेन याच सवयीतून आलेलं आहे.

त्यांच्यानंतर

१९३८ मध्ये त्यांचा मुलगा क्रेग कंपनीचा अध्यक्ष झाला. १९ जून १९४६ रोजी वॉल्टर शेफर यांचं निधन झालं.

कंपनी पुढे नवनवीन यंत्रणा आणत राहिली. दट्ट्यानं एका झटक्यात भरणारी पेनं १९३० च्या दशकातच आली होती. १९४९ मध्ये टचडाउन आलं. त्यात नळी बाहेर ओढून आत ढकलली की हवेच्या दाबानं पिशवी दबते. १९५२ मध्ये स्नॉर्केल आलं. त्यात निबखालून एक बारीक नळी बाहेर येते आणि शाई पिते, त्यामुळे निब शाईत बुडवावीच लागत नाही. बघायला फार गंमतीदार, पण आत रबरी कड्या, छोट्या नळ्या, स्प्रिंगा यांची गर्दी. यातलं एक कडं वाळलं तरी पेन भरत नाही, आणि ते काढायला सरावलेला हात लागतो. घरच्या टेबलावर, चिमटा आणि थोडी लाख घेऊन उभं करता येतं ते पहिलं, साधं तरफेचंच पेन.

पुढे बॉलपेन आलं आणि शाईच्या पेनांचे दिवस सरले. शेफर कंपनीचे मालक बदलत गेले. २००८ मध्ये फोर्ट मॅडिसनचा कारखाना बंद झाला. २०२२ मध्ये हा ब्रँड बंगळुरूच्या विल्यम पेन या भारतीय कंपनीनं विकत घेतला.

आपल्याकडे वकील, डॉक्टर, मास्तर, सरकारी अधिकारी यांच्या खिशात ही परदेशी पेनं असायची. सर्वसामान्यांचं काम चालायचं ते देशी ड्रॉपरवाल्या पेनांवर. शाईच्या बाबतीत मात्र मराठी माणसानं स्वतःचं घर बांधलं. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी हॉर्स ब्रँडच्या शाईच्या गोळ्या आणि पूड बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमल शाई आणि कॅम्लिन कंपनी आली. कित्येक परदेशी पेनांच्या पोटात इथे हीच शाई भरली गेली.

आता तुमच्या खणातलं पेन

मी खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीत राहतो. इथे पेन दुरुस्त करणारं दुकान नाही. मुंबईला जाऊन माणूस शोधायचा तर एक दिवस मोडतो. त्यामुळे घरी काय करता येतं हे माहीत असलेलं बरं. शिवाय आपल्याकडचा पाऊस आणि उन्हाळा या पेनांना सोसत नाही. उष्णतेनं रबर चिकट होतं किंवा वाळून कडक होतं, आणि चार महिन्यांच्या दमट हवेत दाबपट्टीला गंज धरतो. पेन ट्रंकेत जपून ठेवलेलं असलं तरी हे होतंच.

लागणारं सामान: नवी रबरी पिशवी (पेनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ऑनलाइन मिळते), लाकडाला पॉलिश करणारे वापरतात ती चपडा लाख आणि स्पिरिट, केस वाळवायचा ड्रायर, बारीक चिमटा, कात्री, बिनवासाची टाल्कम पावडर.

१. तरफेवर जोर करू नका. आतली पिशवी दगडासारखी झालेली असते. जबरदस्ती केली तर पिन निसटते किंवा तरफ तुटते. रबर बदलता येतं, तरफ मिळणं अवघड.

२. मान सैल करा. ड्रायरच्या कोमट हवेत मान आणि दांडा यांचा सांधा फिरवत फिरवत तापवा. हाताला सोसवेल इतकंच. लाख मऊ झाली की मान थोडी थोडी पिळत बाहेर ओढा. शेफरच्या तरफवाल्या पेनांत मान बहुधा नुसती दाबून बसवलेली असते. इतर कंपन्यांच्या काही पेनांत आटे असतात, म्हणून आधी नीट बघून घ्या. नाही निघाली तर थांबा, परत तापवा.

३. आगीजवळ नेऊ नका. मेणबत्ती, लायटर, गॅस अजिबात नको. सेल्युलॉइड भडकन पेटतं. पेन गरम पाण्यातही बुडवू नका. एबोनाइटचा काळा रंग उडून ते तपकिरी पडतं.

४. आतला कचरा काढा. जुन्या पिशवीचे तुकडे चिमट्यानं काढा. मानेच्या नळीवरची जुनी लाख खरवडून साफ करा. दांडा उलटा करून हलवा. दाबपट्टी गंजून मोडली असेल तर तीही बदलावी लागेल.

५. माप घ्या. पिशव्यांचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात. १६ नंबर म्हणजे पाव इंच जाडी. पिशवी नळीवर ताणून बसली पाहिजे, पण दांड्यात सैल गेली पाहिजे. लांबी इतकी ठेवा की तिचं टोक दांड्याच्या तळाला टेकणार नाही. जास्तीची कात्रीनं सरळ कापा.

६. लाख लावा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मधासारखी दाट करा. नळीवर पातळ थर द्या, पिशवी चढवा, सरळ आहे का बघा आणि रात्रभर वाळू द्या. फेविक्विकसारखा गोंद वापरू नका. आज पक्कं बसेल, पण पुढच्या वेळी पिशवी काढताना नळीच मोडेल.

७. पेन जुळवा. पिशवीला बाहेरून किंचित टाल्कम लावा, म्हणजे ती पट्टीला चिकटत नाही. मान हलक्या उबेनं परत बसवा. निबचा वरचा भाग आणि तरफ एका रेषेत येतात ना ते पाहा.

८. आधी पाण्यावर तपासा. निब पाण्यात बुडवून तरफ उचला. बुडबुडे आले म्हणजे पिशवी दबते आहे. तरफ मिटा, दहा मोजा, बाहेर काढा. परत तरफ उचलल्यावर पाण्याची धार आली की काम झालं. ताज्या लाखेला वाळायला वेळ द्यायचा असतो, म्हणून शाई दुसऱ्या दिवशी भरा.

एक इशारा. पेन फार मौल्यवान असेल, दांड्याला तडा असेल किंवा सेल्युलॉइड चुरगळायला लागलं असेल, तर स्वतः हात घालू नका. तसंच टचडाउन किंवा स्नॉर्केल असेल तर जाणकाराकडेच द्या. अंगावर तरफ नसेल आणि दांड्याचं मागचं टोक फिरत असेल, तर ते पेन तरफेचं नाही हे ओळखा.

दुरुस्त झाल्यावर साधी, पाण्यानं धुतली जाणारी फाउंटन पेनची शाई वापरा. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई चुकूनही भरू नका. ती जिभेत साकळली की परत निघत नाही. महिन्यातून एकदा पेन साध्या पाण्यानं धुवा, आणि महिनाभर लिहायचं नसेल तर रिकामं करून ठेवा. सांभाळलं तर पिशवी बरीच वर्षं टिकेल. मग ती पुन्हा एकदा वाळेल, आणि तेव्हा पेन जो कुणी वापरत असेल त्यानं याच पद्धतीनं नवी बसवायची.